कंपवाताची ओळख

हातापायांना सुटणारा कंप भारतीय वैद्यकाला फार जुन्या काळापासून परिचित होता. माधवनिदानात त्याला ‘वेपथु’ म्हटले आहे, आणि ‘कंपवात’ हा शब्द मराठी घरांत आजही रूढ आहे. मात्र या नावाखाली उतारवयातला थरकाप आणि इतर अनेक विकार एकत्र येत असल्याने, जुन्या ग्रंथांतला प्रत्येक कंपवात म्हणजे आजचा पार्किन्सन असे मानणे घाईचे ठरेल. ज्याला आज हे नाव आहे, त्या आजाराची वेगळी ओळख १८१७ मध्ये लंडनमध्ये पटली. हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी त्या वर्षी या ‘थरथरत्या पक्षाघाता’वर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला.

निबंध अवघ्या सहा रुग्णांवर आधारलेला होता आणि त्यांपैकी तिघे त्यांना रस्त्यात दिसले होते. एका गृहस्थाला तर त्यांनी केवळ दुरून पाहिले. त्याचा सेवक त्याच्यासमोर उभा राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवी, गृहस्थ हळूहळू मागेपुढे झुलत तोल साधे, आणि त्याने इशारा देताच सेवक बाजूला सरे. मग गृहस्थ धावतच सुटे आणि वीसेक पावलांवर तो पडू नये म्हणून सेवक पुढे पळत जाऊन त्याला सावरण्यास सज्ज राही. पुढे झुकलेले शरीर आणि आपोआप वाढत जाणारा पावलांचा वेग हे या आजाराचे लक्षण इतक्या नेमकेपणाने टिपले गेले, ते तपासणीच्या खोलीत नव्हे, तर भर रस्त्यात. हात स्वस्थ असताना कंप येतो, हेही पार्किन्सन यांनी नोंदवले. स्नायूंचा ताठरपणा मात्र त्यांच्या नजरेतून सुटला. ज्या रुग्णांच्या अंगाला हात लावून पाहण्याची संधीच मिळाली नाही, त्यांच्या बाबतीत तो सुटणे स्वाभाविक होते.

ही उणीव पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी भरून काढली. ताठरपणा आणि हालचालींतला संथपणा ही स्वतंत्र लक्षणे आहेत, तो संथपणा म्हणजे अशक्तपणा नव्हे, आणि काही रुग्णांत कंप मुळीच नसतो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणूनच ‘थरथरता पक्षाघात’ हे नाव दोन्ही अंगांनी चुकीचे ठरवून त्यांनी आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. लक्षणांमध्ये असा भेद करणे आजही मोलाचे आहे. कप तोंडाशी नेताना ज्याचा हात थरथरतो, त्याचा कंप बहुधा वेगळ्या प्रकारचा असतो. उलट मांडीवर निवांत ठेवलेला एकच हात थरथरत असेल, चालताना तो हात हलत नसेल, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागत असेल, अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जात असेल आणि चेहऱ्यावरचे भाव मावळले असतील, तर मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक ठरते. वास न येणे, बद्धकोष्ठता आणि स्वप्नाबरोबर झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे कित्येकदा वर्षानुवर्षे आधी येतात, परंतु ती या आजाराची असतील अशी शंका घरात सहसा कोणाला येत नाही.

उपचाराचा मार्ग भारतीय वनस्पतींच्या वाटेने गेला, ही बाब मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मांडला आणि या मुळीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांत पार्किन्सनसारखा जखडलेपणा दिसू लागला. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. लेव्होडोपा हे असे द्रव्य आहे की ज्यापासून मेंदू डोपामिन, म्हणजे हालचालींचे नियमन करणारे रसायन, तयार करतो. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकेविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची मोठी तूट असल्याचे सिद्ध केले, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे हळूहळू मात्रा वाढवत नेऊन उपचार यशस्वी केला. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाल्यावर मळमळ कमी झाली.

हेच लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांत असल्याचे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच मद्रासहून प्रसिद्ध केले होते. जिच्या शेंगांवरची लव अंगाला लागताच आग होते, ती ही रानवेल. तिचे बी वैद्यांच्या बटव्यात पिढ्यान् पिढ्या होते. तरीही त्याचे चूर्ण स्वतःच्या मनाने घेणे घातक आहे, कारण बियांतले लेव्होडोपाचे प्रमाण सारखे नसते आणि चालू गोळ्यांत त्याची भर पडली की अनावर, वळवळत्या हालचाली सुरू होऊ शकतात. गोळीची वेळ घड्याळाप्रमाणे पाळणे, आणि प्रथिनांमुळे तिचा परिणाम कमी होत असल्यास ती जेवणापासून दूर ठेवणे, हे आजच्या व्यवस्थापनाचे गाभ्याचे नियम आहेत.

गोळी जिथे पुरत नाही, तिथे पुन्हा निरीक्षणच उपयोगी पडले. चालता चालता पाय जमिनीला खिळणे हे लक्षण औषधाला नेहमी दाद देत नाही. ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले की, जमिनीवर आडव्या रेषा आखल्या तर असे रुग्ण त्या ओलांडत सहज चालतात. घराच्या उंबऱ्याजवळ आणि न्हाणीघराच्या वाटेवर, फरशीपेक्षा वेगळ्या रंगाच्या पट्ट्या एकेका पावलाच्या अंतराने चिकटवून हा उपाय कोणालाही करून पाहता येतो. पट्ट्या मात्र चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, उभ्या पट्ट्यांचा उपयोग होत नाही.