रहीमसाहेबांनी बर्मनला का बसवलं?

परवा मधल्या सुट्टीत दहावीच्या काही मुलांनी मला गाठलं. फुटबॉलच्या मॅनेजरने खेळाडू निवडताना चालू फॉर्म बघावा की अंगची गुणवत्ता, यावरून त्यांच्यात दोन तट पडले होते. पी.टी.चे सर रजेवर होते, म्हणून निवाड्यासाठी स्वारी उर्दूच्या सरांकडे आली. मी म्हटलं, उद्या सांगतो. रात्री विचार करत बसलो तेव्हा डोळ्यासमोर आले ते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम.

2024 साली 'मैदान' चित्रपट आला आणि रहीमसाहेबांचं नाव घरोघरी पोचलं. आपल्याकडे मग व्हॉट्सॲपवर त्यांचा फोटो फिरला, 'बघा, आपलेही लोक होते' अशा मजकुरासह. त्यात वावगं काही नाही. पण मरहूम माणसाचं प्रमाणपत्र करून भिंतीवर टांगलं की तो माणूस काम कसं करायचा, हे विचारायचं राहून जातं. रहीमसाहेब मुळात शिक्षक. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. हैदराबादच्या शाळांत त्यांनी शिकवलं, पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. हैदराबाद सिटी पोलीस संघाचे ते प्रशिक्षक होते. याच संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. भारतीय संघ त्यांच्या हाताखाली 1951 ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. 1962, जकार्ता, आशियाई स्पर्धा. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 असं हरवलं. पुढे थायलंडला 4-1 आणि जपानला 2-0 असं नमवून भारत उपांत्य फेरीत गेला. तिथे दक्षिण व्हिएतनामविरुद्ध दोन गोलांची आघाडी घालवून शेवटी 3-2 असा कसाबसा निभाव लागला. अंतिम सामना पुन्हा कोरियाशी. इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेत येऊ न दिल्यावरून भारताच्या गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, त्यामुळे यजमान भडकलेले. सेनायन स्टेडियममधले लाखभर प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते.

उपांत्य फेरीत भारताच्या गोलपोस्टखाली प्रद्युत बर्मन होता. पहिला गोलकीपर पीटर थंगराज तापाने आजारी पडला होता. अंतिम सामन्याच्या दिवशी रहीमसाहेबांनी बर्मनला बसवलं आणि थंगराजला उतरवलं. नुकताच आजारातून उठलेला माणूस! त्याची उंची आणि दोन ऑलिंपिकचा अनुभव त्यांनी धरला, असं सांगतात. म्हणजे मुलांच्या भाषेत, फॉर्म बाजूला आणि टॅलेंट आत.

जर्नेलसिंगची गोष्ट याहून कठीण. तो बचावपटू, आणि तोही आशियातला अव्वल. थायलंडच्या सामन्यात त्याच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. असा खेळाडू एक तर विश्रांतीला पाठवतात, नाहीतर त्याच्या नेहमीच्या जागी उभा करतात. रहीमसाहेबांनी त्याला पट्टी बांधलेल्या डोक्याने सेंटर फॉरवर्डला खेळवलं. कॉलेजच्या दिवसांत तो त्या जागी खेळलेला होता. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. अंतिम सामन्यात 17 व्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि 20 व्या मिनिटाला जर्नेलने दुसरा. कोरियाचा एकमेव गोल अगदी शेवटी झाला. भारत 2-1 असा जिंकला, तारीख 4 सप्टेंबर.

इथे फॉर्म कुठला आणि गुणवत्ता कुठली? सेंटर फॉरवर्ड म्हणून जर्नेलचा ताजा फॉर्म नव्हताच, कारण त्या जागी तो खेळतच नव्हता. त्याच्या अंगात काय शिल्लक आहे, हे फक्त उस्तादाला ठाऊक होतं.

आणि ते ठाऊक असायचं कारण मैदानावरच्या तालमीत होतं. रहीमसाहेबांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरवल्या की ज्यात खेळाडूने फक्त कमजोर पायाने खेळायचं. काही स्पर्धांत ड्रिब्लिंगला बंदी, चेंडू मिळाला की द्यायचाच. सामन्यात दिसतो तो फॉर्म. पण एखाद्याचा चांगला पाय काढून घेतला की तो काय करतो, हे अशाच ठिकाणी कळतं. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा तुलसीदास बलराम त्यांनी असाच हेरला. पोराकडे सरावाला यायला पैसे नव्हते, तेव्हा भाड्याच्या सायकलीसाठी रहीमसाहेबांनी रोजचा रुपया दिला. त्या मुलाचा अजून कसला फॉर्म असणार? पण तोच मेलबर्नला गेला, रोमला गेला आणि जकार्ताच्या अंतिम संघातही होता.

एवढं वाचून 'टॅलेंट'वाली पोरं टाळ्या पिटतील. थांबा जरा. फॉर्म हा मोजता येतो, टॅलेंट कुणाच्या तरी डोळ्यावर अवलंबून असतं. आणि डोळा कुणाचा, यावर सगळं ठरतं. आपल्या गल्लीतल्या क्लबपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत 'मुलात गुणवत्ता आहे' असं म्हणून कितीतरी भाचे-पुतणे आत घेतले गेले आहेत. ज्याच्या मागे मामा-काका नाही, त्याला गोलांचा हिशेबच वाचवतो, मार्कांची यादीच वाचवते. आपल्या समाजातली पोरं तर ही यादीच हातात घेऊन फिरतात. त्यांना कुणी 'फॉर्मला काय विचारता' असं म्हटलं तर मला आधी म्हणणाऱ्याचा चेहरा बघावासा वाटतो.

रहीमसाहेबांना हा अधिकार कशामुळे मिळाला, याचं उत्तर मला 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये सापडतं. त्या संघात त्यांचा मुलगा, सय्यद शाहिद हकीम होता. भारत हंगेरीशी 2-1 असा हरला, फ्रान्सशी 1-1 बरोबरीत राहिला, पेरूशी 3-1 असा हरला. तीन सामने झाले, पण प्रशिक्षकाच्या मुलाला मैदान मिळालं नाही. त्याच संघातला, मुंबईत टाटांकडून खेळलेला गोव्याचा फॉर्च्युनातो फ्रँको हाही रोममध्ये नुसता बसून होता. दोन वर्षांनी जकार्ताचा अंतिम सामना फ्रँको खेळला. ज्याने पोटच्या मुलाला बाहेर ठेवलं, त्याने बर्मनला बाहेर ठेवलं तर लोक ऐकून घेतात.

तरीही बर्मन माझ्या मनातून जात नाही. काही वर्षांपूर्वी वक्तृत्व स्पर्धेसाठी मी तालुक्यात पहिला आलेला मुलगा सोडून एका हुशार मुलीला जिल्ह्याला नेलं. तिची भाषा, तिचा आवाज, सगळं त्याच्याहून वरचं होतं, हे मी आजही म्हणेन. व्यासपीठावर ती दुसऱ्या मिनिटाला गप्प झाली. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वर्गात नेहमीसारखा 'अस्सलामु अलैकुम, सर' म्हणाला आणि जागेवर बसला. त्याने कारण विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मुलगी जिंकली असती, तर त्याची आठवणही मला राहिली नसती.

थंगराजने त्या दिवशी गोलपोस्ट सांभाळली, म्हणून आपण रहीमसाहेबांची नजर वाखाणतो. त्या विजयानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 रोजी, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. पुन्हा आशियाई सुवर्ण भारताच्या फुटबॉल संघाला आजवर मिळालेलं नाही.

मुलांना मी दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, 'सर, त्या बर्मनला आदल्या रात्री सांगितलं असेल की सकाळी?'