हॉस्पिटल एम्प्लॉईज युनियन

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आरोग्यसेवा-कर्मचाऱ्यांची सर्वांत मोठी कामगार संघटना. व्हँकूव्हर जनरल हॉस्पिटलमधील पुरुष व स्त्री कर्मचाऱ्यांच्या दोन स्वतंत्र संघटनांच्या एकीकरणातून ती १९४४ मध्ये स्थापन झाली. रुग्णसेवा-साहाय्यक, स्वयंपाकी, सफाई कामगार, धुलाई कामगार, लिपिक इत्यादींचा तीत प्रामुख्याने भरणा असून त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. डॉक्टर व नोंदणीकृत परिचारिका यांच्या संघटना निराळ्या आहेत.

१९४९ मध्ये प्रांतात रुग्णालय-विमा योजना सुरू झाली. १९५७ च्या केंद्रीय कायद्याने तिच्या खर्चाचा सुमारे निम्मा भार संघराज्य-शासनाने उचलला. परिणामतः रुग्णालयातील वेतन हा मालक व नोकर यांच्यापुरता प्रश्न न राहता सार्वजनिक अर्थसंकल्पाचा भाग बनला. वेतनवाढीची मागणी म्हणजे पर्यायाने सरकारी तिजोरीवरील मागणी, हे ओळखून रुग्णालयांना पुरेसा सार्वजनिक निधी मिळावा, हा विषय संघटनेने स्वतःच्या कार्यक्रमात घेतला. यात सदस्यांचे हित होतेच. परंतु तेवढ्यावरून ही भूमिका केवळ स्वार्थाची होती, असे म्हणणे योग्य ठरत नाही. स्त्रियांच्या कामाला पुरुषांच्या तुल्य कामाइतके वेतन मिळावे, यासाठीही तिने दीर्घकाळ प्रयत्न केले.

संघटनेच्या इतिहासातील सर्वांत कठीण काळ २००१ नंतरचा होय. त्या वर्षी गॉर्डन कॅम्बेल यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश कोलंबिया लिबरल पक्ष सत्तेवर आला. निवडणुकीपूर्वी संघटनेच्याच मुखपत्राला दिलेल्या मुलाखतीत आपण झालेले करार मोडणार नाही, असे कॅम्बेल यांनी सूचित केले होते. तथापि जानेवारी २००२ मध्ये शासनाने ‘बिल २९’ या नावाने ओळखला जाणारा कायदा अवघ्या तीन दिवसांत संमत करून घेतला. कामे खाजगी कंत्राटदारांकडे देण्यावर सामूहिक करारांनी घातलेली बंधने आणि सेवाज्येष्ठतेनुसार मिळणारे संरक्षण त्यायोगे निष्प्रभ झाले. सफाई, स्वयंपाक व धुलाई ही कामे प्रत्यक्ष वैद्यकीय उपचारांत मोडत नाहीत, हा शासनाचा युक्तिवाद होता. शस्त्रक्रियागृहाची फरशी पुसणे व हॉटेलची फरशी पुसणे ही एकच कामे नव्हेत, हे संघटनेचे म्हणणे मात्र ग्राह्य धरले गेले नाही. ८,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांत स्थलांतरित समाजांतील मध्यमवयीन स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्याच कामासाठी कंत्राटदार जवळजवळ निम्मे वेतन देऊ लागले.

सवलती देऊन काही नोकऱ्या वाचविण्याचा नेतृत्वाने केलेला तात्पुरता करार सदस्यांनी २००३ मध्ये मतदानाने फेटाळला. एप्रिल २००४ मध्ये सुमारे ४०,००० कर्मचारी संपावर गेले. शासनाने दुसरा कायदा करून संप बेकायदा ठरविला आणि वेतन व अन्य लाभांत मिळून सुमारे १५ टक्के कपात लादली. तरीही कर्मचारी कामावर परतले नाहीत व इतर संघटना सहानुभूतीच्या संपाच्या तयारीला लागल्या. मात्र ऐन वेळी, २ मे रोजी, नेत्यांनी तडजोड केली. कंत्राटीकरणाला मर्यादा पडली, पण वेतनकपात तशीच राहिली. पाठिंबा वाढत असताना माघार घेतली गेली, अशी भावना अनेक सदस्यांत पसरली व ती निराधार म्हणता येत नाही.

रस्त्यावर जे साधले नाही, त्याचा काही भाग न्यायालयात साधला. १९८७ च्या निर्णयांनुसार कॅनडाच्या हक्कसनदेतील संघटनस्वातंत्र्यात सामूहिक सौद्याचा अंतर्भाव होत नव्हता. ८ जून २००७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे मत सोडून दिले व सामूहिक सौद्याची प्रक्रिया सनदेने संरक्षित असल्याचे मान्य करून बिल २९ मधील काही कलमे घटनाबाह्य ठरविली. कायदा दुरुस्त करण्यास शासनाला बारा महिन्यांची मुदत मिळाली. २००८ मध्ये ८.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. तथापि गेलेल्या नोकऱ्या त्यामुळे परत आल्या नाहीत. संपाच्या हक्काला घटनात्मक मान्यता देणारा २०१५ चा सस्कॅचेवनविषयक निर्णय याच न्यायतत्त्वाचा पुढील टप्पा होय.

प्रांतात सत्तांतर झाल्यावर २०१८ मध्ये बिल २९ रद्द करणारा कायदा संमत झाला व तो १ जुलै २०१९ पासून अंमलात आला. ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाने सफाई व भोजन विभागांतील सुमारे ४,००० कंत्राटी कर्मचाऱ्यांना पुन्हा सार्वजनिक सेवेत घेण्याचे जाहीर केले. हे हस्तांतर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले.