जनावराच्या पावलानं निघालेला फोटो

डोंगरातल्या रानटी जनावराचा फोटो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भली मोठी लेन्स घेतलेला माणूस येतो. पण जुना इतिहास बघितला, तर यातले कितीतरी फोटो जनावराच्या पावलानंच निघालेत.

शंभर वर्षांपूर्वी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे इंग्रज वनाधिकारी शिवालिक डोंगरांच्या पायथ्याच्या जंगलात होते. तेव्हा साहेबलोक वाघ मारायचे आणि मेलेल्या वाघाशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचे. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर बारीक तार बांधली. अंधारात पाय तारेला लागला की लख्ख उजेड पडायचा आणि जिवंत वाघाचा फोटो निघायचा. त्यांचं पुस्तक १९२७ साली आलं.

उंच बर्फातला हिमबिबट्या मात्र कॅमेऱ्याला सापडत नव्हता. १९७० साली जॉर्ज शॅलर यांनी पाकिस्तानातल्या चित्रालच्या डोंगरात त्याचे फोटो काढले. रानातल्या हिमबिबट्याचे पहिले फोटो म्हणून ते ओळखले जातात. त्यासाठी बकरी बांधावी लागली होती. ती कुणाच्या गोठ्यातली, हे इतिहासात कोण लिहितंय!

आणि आम्हाला सांगायचंय ते इथूनच पुढं. हिमाचलच्या स्पितीत किब्बर हे गाव सुमारे चौदा हजार फुटांवर आहे. आपल्याकडे उसात बिबट्या आला की काळजात धस्स होतं ना, तसंच त्यांचं. हिमबिबट्या त्यांच्या शेळ्यामेंढ्या, याकची वासरं नेतो. तिथल्या लोकांनी २००२ च्या सुमारास संस्थेच्या मदतीनं जनावरांचा विमा सुरू केला. आपल्या बचत गटासारखीच वर्गणी, आणि जनावर गेलं की भरपाई.

आता त्याच गावातल्या बायका कड्यांवर चढून कॅमेरे बसवतात. तार नाही, बकरी नाही. समोरून जनावर गेलं की फोटो आपोआप निघतो. मग त्या संगणकावर ठिपके जुळवत बसतात, कारण प्रत्येक हिमबिबट्याचे ठिपके वेगळे असतात. एकच जनावर दोनदा मोजलं जाऊ नये, म्हणून हा खटाटोप. कामाचे पैसे त्यांच्या हातात येतात.

२०२४ च्या जानेवारीत देशातली पहिली मोजणी जाहीर झाली: ७१८ हिमबिबटे. त्यानंतर हिमाचलनं पुन्हा मोजले, ते ८३ भरले. त्या मोजणीत किब्बरच्या या बायका होत्या.