हायड्रोजन बंधाची ऊर्जा : आंतररेणवीय बलांच्या इतिहासातील पुण्याचे योगदान

व्हान डर वाल्स यांनी १८७३ मध्ये वायूंच्या समीकरणात रेणूंमधील आकर्षणासाठी एक पद समाविष्ट केले. मात्र त्या आकर्षणाचे कारण तेव्हा अज्ञात होते. १९१२ मध्ये डिबाय यांनी रेणूंतील स्थायी द्विध्रुवाची कल्पना मांडली. १९२० मध्ये लॅटिमर व रोडबुश यांनी पाण्याच्या गुणधर्मांची उकल हायड्रोजन बंधाच्या आधारे केली, तर १९३० मध्ये लंडन यांनी अध्रुवीय रेणूंमधील आकर्षण पुंजयांत्रिकीने स्पष्ट केले.

दोन रेणू परस्परांपासून दूर नेले असता त्यांच्यातील बंधाची ऊर्जा काढता येते. हायड्रोजन बंध एकाच रेणूच्या दोन गटांमध्ये असल्यास हा मार्ग बंद होतो. तत्कालीन पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे व सहकाऱ्यांनी मोठ्या रेणूंसाठी १९९४ मध्ये मांडलेली खंडपद्धती २००६ मध्ये या प्रश्नासाठी वापरण्यात आली. रेणूच्या परस्परव्यापी खंडांच्या ऊर्जांची बेरीज करून सामाईक भागाची ऊर्जा वजा केली असता बंधविरहित रेणूची ऊर्जा मिळते. मूळ रेणूच्या ऊर्जेशी तिचा असणारा फरक हीच बंधाची ऊर्जा होय.

हा आकडा एक असला तरी त्यामागील कारणे अनेक असतात. ई. अरुणन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने सिद्ध केलेल्या आययूपॅकच्या २०११ मधील व्याख्येत स्थिरविद्युत आकर्षणासोबत प्रभार-स्थलांतर व लंडन बल यांचाही वाटा मान्य करण्यात आला. त्यामुळे हायड्रोजन बंध म्हणजे केवळ तीव्र द्विध्रुव-आकर्षण, असे वर्गात शिकविणे आता अपुरे ठरते.