नूतन पत्राचा आक्षेप न करणे



महिन्याच्या ठरलेल्या तारखेस पगार, हप्ते, हिशेब यांची कामे आज संगणक आपण होऊन सुरू करतो. १९७०च्या दशकात युनिक्स प्रणालीत यासाठी 'क्रॉन' नावाची योजना आली. यंत्र नवे खरे. परंतु एकदा दिलेली आज्ञा नियत काळी आपोआप अमलात यावी, ही कल्पना आपल्या मोडी दफ्तरांत फार पूर्वीपासून नांदत आहे.

अशा कारभाराला प्रथम लागतो तो काळाचा निश्चित ठोका. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ते ऋतूंच्या मागे दरसाल सुमारे ११ दिवस सरकते. वसूल मात्र पिकावर अवलंबून. म्हणून दक्षिणेत सौर मानाचा शुहूर सन रूढ झाला. जूनच्या आरंभी सूर्य मृग नक्षत्रात गेला की हे मृगसाल सुरू होई. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे ११७४. त्यात ५९९ मिळविले की इ. स. १७७३ येते. शब्द अरबी, नक्षत्र आपले आणि पेरणी शेतकऱ्याची! वर्ष उघडण्यास कोणाच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नसे.

दुसरी गरज स्थायी आज्ञेची. 'सालाबादप्रमाणे' या एका शब्दावर देवस्थानांची नेमणूक, उत्सवाचा खर्च, वर्षासने चालत. इनामपत्राच्या शेवटी गावच्या मोकदमास बजावलेले असे : 'प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे.' पत्राची नक्कल ठेवावी आणि मूळ पत्र भोगवट्यासाठी धन्यास परत द्यावे, असाही दंडक असे. हे वाक्य मला केवळ ठरीव मायना वाटत नाही. दरसाल नवे पत्र मागण्याचा अधिकार म्हणजे दरसाल अडवणुकीची संधी. ती या सहा शब्दांनी काढून घेतली. दुबळ्याचे ते संरक्षण होते.

परंतु आपोआप चालणाऱ्या कामावर डोळा ठेवणारा कोणीतरी लागतोच. म्हणून पेशवाईत रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद अशी साखळी होती. सरदारांकडेही दिवाण, मुजुमदार, फडणीस हे दरकदार सरकारातून नेमले जात. एकाचा कागद दुसऱ्याच्या नजरेखालून जाई. शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी अनेकांची उपजीविका याच लेखणीवर होती. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास लष्कर वसविले, तेव्हा ही दफ्तरी रीतही येथे रुजली.

नाना फडणीस १८०० मध्ये निवर्तले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्याच्या दफ्तराची शिस्त ढिलावली. पुढे १८५२ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने हक्कांचे पुरावे मागितले, तेव्हा पिढ्यान् पिढ्या निर्वेध चाललेल्या वहिवाटीला कागद दाखविणे अनेकांना जड गेले. जे आपोआप चालते त्याचे मूळ विसरले जाते; मूळ विसरले की ते मोडणे सोपे होते.

तेव्हा मित्रहो, कारभार यंत्रावर जरूर सोपवा. मात्र आज्ञा कोणी, कोणासाठी आणि का दिली, याची नक्कल जपून ठेवा. नवे पत्र दरसाल मागू नये. जुने पत्र मात्र दरसाल वाचावे.