पाण्याची ओढ ओळखणारी माणसे

आपल्या सीमाभागाला नद्यांची वाण नाही. कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय आणि मलप्रभा या साऱ्या सह्याद्रीच्या कुशीतून निघून पूर्वेकडे धावतात. त्यांच्या काठी वाढलेल्या पिढ्यांनी नदी जशी पूजेची मानली, तशी ती खेळायचीही मानली. उन्हाळ्याच्या सुटीत पाठीला सुके भोपळे बांधून पोहायला शिकणे, डोहात सूर मारणे, सांगलीला कृष्णेतील होड्यांच्या शर्यती पाहणे, श्रावणात गोकाकचा धबधबा गाठणे, हा इकडच्या माणसाचा जुना विरंगुळा. पण पाण्यात केव्हा उतरावे आणि केव्हा काठावरूनच नमस्कार करून परतावे, याचेही एक शास्त्र या काठांवर घडले. त्याचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही. तो शब्दांत, घाटांच्या पायऱ्यांत आणि पुलांच्या खांबांवर सापडतो.

प्रथम शब्द पाहू. वरून शांत दिसणाऱ्या प्रवाहाविषयी मराठी माणूस म्हणतो, ‘पाण्याला ओढ आहे.’ त्याचा कानडी शेजारी म्हणतो, ‘सेळवु’. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ओढण्याचीच क्रिया आहे. मराठीत डोह, तर कानडीत मडू. इकडे भोवरा, तिकडे सुळी. भाषा दोन, पण पाण्याची पारख एकच. जुन्या माणसांना पाण्याच्या वेगाचे गणित ठाऊक नव्हते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मात्र गुडघाभर पाण्यातही माणसाचे पाय सुटतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून खोली विचारण्याआधी ते ओढ विचारत.

त्यांचे पंचांगही पाण्याशी बांधलेले होते. मृगाचे पहिले तांबडे पाणी आले की पोहणे बंद. नवे पाणी आपल्याबरोबर काटेकुटे, ओंडके आणि गाळ घेऊन येते, आणि गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. तरणा आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य ही नक्षत्रे, नदीला भरून टाकत. हस्त, चित्रा सरून पाणी निवळले की पोरांना पुन्हा घाट मोकळा होई. रोजची परीक्षा त्याहून सोपी होती. काठावर पाण्याच्या वर ओल्या चिखलाचा पट्टा दिसला, तर पाणी उतरते आहे. पट्टा नाही आणि कोरडे गवत थेट पाण्यात बुडते आहे, तर पाणी चढते आहे. शंका वाटली, तर काठी रोवून घटकाभर थांबायचे.

या पारखीचे सर्वांत देखणे रूप नृसिंहवाडीला दिसते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील दत्तमंदिरात पुराचे पाणी उत्तरेच्या दाराने शिरते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तोच दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला भाविकांची रीघ लागते. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. श्रद्धेच्या अंगाने पाहिले तर हा सोहळा आहे. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर देवळाच्या पायऱ्यांची ही पाणीपट्टीच आहे. कोणत्या पायरीपर्यंत स्नान आणि कोणत्या पायरीनंतर माघार, हे पुजाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

पुढे फुटांचा हिशेब आला. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली झाला आणि तिथली पातळी हा साऱ्या परिसराच्या बोलण्याचा विषय झाला. तिथे ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याला हेच आकडे ३९ आणि ४३ असे आहेत. ऑगस्ट २०१९च्या महापुरात दोन्ही ठिकाणचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पण एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे आकडे घरादारांसाठी आहेत, पोहणाऱ्यासाठी नाहीत. पातळी पंधरा फुटांवर असली, तरी ओढीचे पाणी माणूस नेऊ शकते. ‘अजून इशारा पातळी आलेली नाही,’ असे म्हणून पाण्यात उतरणे म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला देणे.

तिसरा टप्पा धरणांचा. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू केलेल्या राधानगरी धरणाला आज सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे चाळीस हजार लिटर पाणी नदीत येते. घटप्रभेवर हिडकलचे ५१ टीएमसीचे धरण झाले आणि सुमारे १७० फूट उंचीवरून कोसळणारा गोकाकचा धबधबाही धरणाच्या विसर्गाशी बांधला गेला. आता नदी केवळ आभाळाचे ऐकत नाही. डोक्यावर ऊन असते, चार दिवस पाऊस नसतो, आणि तरीही पाणी चढते. नक्षत्रांचे जुने गणित इथे अपुरे पडते.

कोल्हापुरी बंधाऱ्यांची गोष्टही अशीच. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवतात. वरच्या बाजूला संथ तळे दिसते, पण बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी गोल फिरते आणि माणसाला पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढते. तिथे पट्टीचा पोहणाराही दमतो. धरणांच्या तलावांत वेगळा धोका असतो: बुडालेली झाडे, जुन्या विहिरी आणि पाय रुतवणारा गाळ.

हे सारे सांगायचे कारण ताजे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चंदगड तालुक्यातील किटवाडच्या धबधब्यावर सहलीला गेलेल्या बेळगावच्या चार तरुणी बुडाल्या. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पहिली घटना पावसाळा सरल्यावरची, दुसरी पावसाळ्याच्या आरंभीची. ऋतू कोणताही असो, निसरडा खडक आणि अनोळखी पाणी सारखेच.

नळाच्या पाण्यावर वाढलेली आपली मुले नदीवर पाहुण्यासारखी जातात. पाहुण्याने घरच्या माणसाला विचारावे, ही आपली रीत. काठावरच्या गुराख्याला, धुणे धुणाऱ्या बाईला, नावाड्याला विचारावे: इथे ओढ किती, तळाशी काय आहे, वरच्या धरणातून पाणी सोडले आहे का? तो मराठीत सांगेल किंवा कानडीत सांगेल. ‘ओढ’ आणि ‘सेळवु’ हे दोन्ही शब्द आपल्या घरातल्या मुलांना ठाऊक असले पाहिजेत. एवढा वारसा त्यांच्या पदरी घालणे आपल्या हाती आहे.