हात्सुने मिकू: सॉफ्टवेअरमधून आलेली पॉप गायिका

निळसर हिरवे केस, दोन लांबलचक पोनीटेल, वय १६. हात्सुने मिकूचं चित्र तुम्ही युट्यूबवर किंवा एखाद्या गेममध्ये नक्की पाहिलं असेल. पण ही गायिका माणूस नाही, सॉफ्टवेअर आहे. जपानमधल्या सापोरो शहरातल्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ते ३१ ऑगस्ट २००७ रोजी बाजारात आणलं.

ती गाते कशी?

मिकूचा मूळ आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा. तिच्याकडून जपानी उच्चारांचे छोटे छोटे तुकडे रेकॉर्ड करून घेतले गेले. आपण स्क्रीनवर सूर मांडायचे, प्रत्येक सुराला शब्द द्यायचे. मग २००७ च्या मूळ आवृत्तीत यामाहाचं व्होकॅलॉइड २ हे इंजिन ते तुकडे जोडून गाणं म्हणायचं. म्हणजे आवाज मिकूचा, चाल आणि शब्द तुमचे.

ती एवढी गाजली कशी?

मला इंजिनियर म्हणून सगळ्यात भारी वाटतो तो कंपनीचा निर्णय. पैसे कमवायचे नसतील तर चाहत्यांनी मिकूचं चित्र खुशाल वापरावं, अशी मुभा तिने दिली. मग कोणी गाणं केलं, कोणी चित्र काढलं, कोणी ॲनिमेशन जोडलं आणि निकोनिको या व्हिडिओ साइटवर सगळं पसरलं. आज जपानचा मोठा गायक असलेला केन्शी योनेझू तेव्हा 'हाची' या नावाने मिकूसाठी गाणी बनवायचा. योआसोबीचा आयासेही याच वाटेने आला.

स्टेजवर होलोग्राम?

लोक तसं म्हणतात, पण तिच्या बहुतेक गाजलेल्या शोमध्ये पारदर्शक पडद्यावर मागून प्रोजेक्टर मारलेला असतो. वाजवणारे मात्र खरे! २०१४ मध्ये मिकूने लेडी गागाच्या शोआधी गाणी सादर केली, तर २०२४ मध्ये ती अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात झळकली.

आपल्याला काय?

आता एआय ॲप काही सेकंदांच्या क्लिपवरून कुणाच्याही आवाजाची नक्कल करतं. फरक संमतीचा आहे. फुजिताने आवाज स्वतःहून दिला होता. उलट, परवानगीशिवाय आपल्या आवाजाची नक्कल होते म्हणून अरिजित सिंगला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला अंतरिम संरक्षण दिलं. त्यामुळे मित्राच्या आवाजात गंमत म्हणून गाणं बनवायचं असेल, तरी आधी त्याला विचारा.